न कापलेला समास

माझ्या हातून किती पुस्तकं गेली ते मी कधी मोजलं नाही. वाचलं मात्र एकच, आणि तेही माझ्याच हातून बिघडलं म्हणून. बाकी आयुष्यभर मी पुस्तकांच्या पाठी बघितल्या. घरी आलेले पाहुणे म्हणायचे, "वा, ताईंचं काय, रोज नवीन पुस्तक!" मी हसून चहा ठेवायची. हलवायाला कुणी विचारतं का, रोज पेढे खाता का म्हणून?

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका जुन्या बराकीच्या तुकड्यात माझं बाइंडिंग होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांसाठी बांधलेली बराक. तिचे इतके भाग पडले होते की एका टोकाला पापड लाटायचे, दुसऱ्या टोकाला जीन्स शिवायचे आणि मधे मी. मी मूळची घडीवाली. म्हणजे छापखान्यातून मोठा कागद येतो, त्यावर पुस्तकाची सोळा पानं उलटसुलट छापलेली असतात. त्याची घडी घातली की पानं आपापल्या जागी येतात. त्या घडीला फॉर्मा म्हणतात. असे फॉर्मे ओळीने जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, पाठीला खळ लावायची. खळीत मोरचूद घालायचं, नाहीतर झुरळं पुस्तक वाचून संपवतात. मग तीन बाजूंनी कड कापायची आणि वर पुठ्ठा चढवायचा. काम एवढंच. पण शिवणारी कितीही चांगली असली तरी गिऱ्हाईक बोट फिरवतं ते कापलेल्या कडेवरून. कड काचेसारखी गुळगुळीत लागली की मान डोलावतं. म्हणून कापणीच्या मशीनला मी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तेवढी ऐट होती माझ्यात.

चुका झाल्याच नाहीत असं नाही. सुरुवातीला एका सिंधी आजींनी त्यांचं जुन्या लिपीतलं पुस्तक शिवायला दिलं. ते उजवीकडून उघडतं हे मला कोण सांगणार? मी मोठ्या झोकात पुठ्ठा चढवून सोनेरी नाव टाकलं ते बरोबर शेवटच्या पानाच्या बाजूला. आजींनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "बेटी, तूने तो मेरी किताब उल्टी पैदा की," म्हणाल्या. मी ते उसवून पुन्हा केलं. त्यानंतर त्यांच्या ओळखीतली अशी चाळीसेक पुस्तकं माझ्याकडे आली. चूक हसण्यावारी जाते तेव्हा माणूस बेसावध होतो, हे मला तेव्हा कळलं नाही.

नेहमीचं काम वाचनालयांचं. अंबरनाथ, बदलापूरकडून पोती भरून पुस्तकं यायची. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा असायच्याच. म्हाताऱ्या वाचकांची एक पद्धत असते. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी नेऊ नये म्हणून ते एका ठरावीक पानावर आपली खूण करतात. कुणी सतराव्या पानावर टिंब काढतं, कुणी एकवीसवर फुली, एक बाई चाफ्याचं फूल काढायच्या. त्यामुळे पानावर पेन्सिल दिसली की माझा डोळा तिथे थांबायचा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं.

दोन हजार पाचच्या पुरात बदलापूर गावात नदी घराघरांत शिरली. आमचं घर शिरगावात, तिकडे आम्ही वाचलो. पुढे दोन-तीन महिने माझ्याकडे फुगलेली, चिखलाने माखलेली पुस्तकं येत राहिली. त्यातच एक दिवस सुनंदा नावाची एक शिक्षिका आली. हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं एक पुस्तक. "ताई, बाबांचं आहे. जरा मजबूत बांधून द्या. पुढच्या महिन्यात हवंय," एवढंच म्हणाली. तिला शाळा गाठायची होती. मीही जास्त विचारलं नाही.

पुस्तकाचं नाव 'नदीवरची चौकी'. कादंबरी. तीसएक वर्षांपूर्वी छापलेली. मी पानं सावलीत वाळवली, ब्रशने माती झाडली, नवीन दोऱ्याने शिवलं. कडेला सगळीकडे चिखलाचा तपकिरी पट्टा होता. पेन्सिलीचं काहीबाही दिसलं, नाही असं नाही. मी म्हटलं, असतील वाचकांच्या खुणा. आणि एवढा डाग गिऱ्हाइकाला कसा द्यायचा? म्हणून नेहमी पाव इंच कापते तिथे चांगलं अर्धा इंच घेतलं. डाग गेला. कड अशी बसली की मीच दोनदा बोट फिरवलं.

सुनंदा न्यायला आली. मी पुस्तक पुसून तिच्या हातात ठेवलं. तिने उघडलं, चार पानं उलटली, आणि तिथल्या स्टुलावर बसलीच.

"ताई, बाबांनी बाजूला लिहिलेलं कुठे गेलं?"

मग तिने सांगितलं. ते पुस्तक वाचनालयाचं नव्हतं. तिचे वडील, भोईरकाका, हे त्याचे लेखक. अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होते. कोण कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, ते लिहायचं काम. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली. ती छापली गेल्यापासून तिच्यात काय चुकलं ते या प्रतीच्या समासात तीस वर्षं लिहीत आले होते, दुसऱ्या आवृत्तीसाठी. एवढ्या वर्षांनी एक प्रकाशक तयार झाला होता. आणि काकांना आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, म्हणजे पुन्हा लिहून काढणं शक्य नव्हतं. पुराचं पाणी घरात आलं तेव्हा त्यांनी दागिन्यांचा डबा सोडून हे पुस्तक छातीशी धरलं होतं.

नदीने सोडलेलं पुस्तक मी कापून टाकलं होतं. "बाबांना सांगू नकोस," मी सुनंदाला म्हणाले. "मला थोडे दिवस दे." कशाच्या जोरावर म्हणाले देव जाणे.

कापलेल्या कडांचं कातरण पोत्यात भरतात आणि पोतं रद्दीवाल्याकडे जातं. आमचा रद्दीवाला लछूकाका, दोन गल्ल्या सोडून त्याचं गोदाम. मी धावतच गेले.

"काका, माझी पोती?"

"ताई, टेम्पो कल सुबह मिल में जाएगा. तुम्हारी बोरी उधर अंदर है, सबके साथ खाली की है." त्याने बोट दाखवलं तिकडे माणसाच्या उंचीचा ढीग होता. चार छापखान्यांचं कातरण.

मी काय झालं ते सांगितलं. लछूकाका म्हणाला, "टेम्पो परसों भी जा सकता है." वर स्वतः पाट आणून दिला बसायला.

दोन दिवस मी त्या ढिगात होते. नशीब एवढंच की पुरातल्या इतर पुस्तकांचं कातरण आधीच मिलमध्ये गेलं होतं. उरलेलं सगळं पांढरं, आणि माझ्या पट्ट्यांवर चिखलाचा डाग. ज्या डागासाठी कापलं त्यानेच त्या शोधून दिल्या. पुस्तकाची पानं दोनशे ऐंशी, म्हणजे कागद एकशेचाळीस, आणि नोंदी होत्या त्या बाहेरच्या कडेच्या पट्ट्याही तेवढ्याच हव्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या पदरात एकशेएकोणचाळीस होत्या. लछूकाकाने स्वतः झाडू घेऊन गोदामाचे कोपरे काढले. एकशेचाळिसावी मिळाली नाही.

आता त्या पट्ट्या कुठल्या पानाच्या, हे ओळखायचं. बोटभर रुंदीच्या कागदावर पेन्सिलीची अर्धी वाक्यं. काही शब्दांचं डोकं पानावर आणि पाय पट्टीवर, ते सोपे. पण बरेच ठिकाणी पट्टीवर पूर्ण नोंदच होती. ती कुठली, हे कळायला पान वाचण्याशिवाय उपाय नव्हता. घडीवाल्या बायकांत आम्ही एकमेकींना सांगायचो, वाचायला लागलीस की काम बुडालं. त्या नियमाने मी तीस वर्षं जगले होते. आता दुपारी बाकीचं काम बाजूला ठेवून पहिल्या पानापासून वाचायला बसले.

काय सांगू त्या पुस्तकाबद्दल! नदीकाठचं एक लहान शहर. कुठल्या देशातलं, सांगितलेलं नाही. तिथे कुणालाच नाव नाही. घड्याळजी, पाववाला, धोबीण, शिक्षक, एवढंच. लढाई सुरू आहे आणि एका सकाळी परकी फौज पूल ओलांडून येते. गोळी सुटत नाही. पहिला हुकूम निघतो तो असा की शहरातली सगळी घड्याळं तासभर पुढे करा, कारण त्यांच्या राजधानीत तसे वाजतात. घड्याळजी मनोऱ्यावर चढतो आणि मुकाट्याने काटा फिरवतो. मुलं अंधारात शाळेत जायला लागतात. मग हळूहळू लोक एकमेकांना कुजबुजत विचारतात, "आपले किती वाजले?" आणि तेवढं विचारण्यावरून कळतं, कोण आपलं आणि कोण नाही.

मला वाटत होतं, आता कुणीतरी उठेल, पूल उडवेल. पूल शेवटपर्यंत उभा राहतो. पाववाला एकाच भट्टीत फौजेचा पाव भाजतो आणि गावाचाही. शिक्षक नवीन पुस्तकं शिकवतो आणि घरी येऊन मुलीला जुनी शिकवतो. कुणी शूर नाही, कुणी फार वाईटही नाही. तीन वर्षं माणसं नुसती टिकून राहतात, आणि टिकून राहण्यात किती कष्ट असतात ते या टाइम ऑफिसातल्या माणसाने असं लिहिलंय की मी खळीचं भांडं गॅसवर विसरले, ते करपून काळं झालं. हा माणूस बदलापूर गावात राहतो, पिशवी घेऊन भाजी आणतो, आणि त्याच्या डोक्यात हे अख्खं शहर आहे, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

पट्ट्या मी पतंगाच्या पातळ कागदाने मागून जोडत गेले. अकरा दिवसांत एकशेएकोणचाळीस पट्ट्या जागेवर बसल्या. उरलं एक पान. दोनशे एकसष्ट.

ते पान धोबिणीचं. फौज गेल्यावर गाव हिशेब मागायला निघतं आणि जिने सैनिकांचे कपडे धुतले तिच्या दारात येतं. तिचा धुण्याचा दगड फोडतात, तिला विहिरीवर येऊ देत नाहीत. छापलेल्या पुस्तकात ती काहीच बोलत नाही, आणि शेवटी लिहिलंय, 'ते योग्यच झालं.' त्या वाक्यावर पेन्सिलीने इतक्या वेळा काट मारली होती की कागद फाटायला आला होता. तिथून एक बाण समासाकडे गेलेला, आणि समास नव्हता.

रविवारी मी पुस्तक घेऊन बदलापूर गावात गेले. भोईरकाका पडवीत खुर्चीवर बसले होते. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. सुनंदाने ओळख करून दिली. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि उभ्या उभ्या रडायला लागले.

"बस गो," काका म्हणाले. "सुनंदाने सांगितलंय मला. त्याच दिवशी सांगितलं."

"मग तुम्ही काहीच निरोप..."

"काय देऊ निरोप? बघत होतो, येतेस की नाय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि पानांच्या जोडावरून अंगठा फिरवला. गिऱ्हाईक फिरवतं तसा, पण इथे उलटंच होतं. काचेसारखी कड आता ओबडधोबड झाली होती. "छान केलंयस," म्हणाले. मला ते ऐकवेना.

पुढचे चार रविवार मी त्यांना पुस्तक वाचून दाखवलं, नोंदींसकट, पट्ट्या बरोबर बसल्या की नाही ते बघायला. काका डोळे मिटून ऐकायचे. एके ठिकाणी फौजेच्या साहेबाचं पान आलं आणि त्याच्या शेजारची नोंद मी वाचली, 'हा रडतो आणि भट्टीच्या धुराचं निमित्त करतो.' काकांनी हात वर केला.

"हे पाववाल्याचं आहे."

"चुकीच्या पानाला लागलं काका. काढते."

ते हसायला लागले. "राहू दे. तीस वर्षांत साहेबाला रडवायचं माझ्या डोक्यात आलं नाय. रडू दे त्यालाही. फक्त भट्टीऐवजी शेकोटी कर." दुसऱ्या आवृत्तीत ते तसंच आहे. एका समीक्षकाने त्या वाक्याची तारीफ केल्याचं सुनंदाने मला नंतर वाचून दाखवलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

मग दोनशे एकसष्टवं पान आलं. मी थांबले. म्हटलं, "काका, इथली पट्टी मिळाली नाही."

त्यांचा चेहरा पहिल्यांदा पडला. "नेमकी तीच," म्हणाले. "सगळ्या गेल्या असत्या आणि ती राहिली असती तर चाललं असतं." मग थांबत थांबत बोलले. लहानपणी, लढाईच्या काळात, इथे छावणी होती तेव्हा गावातल्या काही बायका तिथे धुण्याभांड्याला जायच्या. छावणी उठल्यावर पोरांनी त्यातल्या एकीला दगड मारले होते. मारणाऱ्यांत ते होते. "मोठा झालो, पुस्तक लिहिलं, आणि पुस्तकातही तिला दगडच मारला. 'ते योग्यच झालं' म्हणे! तेव्हापासून तिच्या तोंडी एक वाक्य शोधतोय. लिहायचो, खोडायचो. शेवटचं काय लिहिलं होतं ते आठवत नाय. आठवलं तरी ते बरोबर नव्हतं, एवढं आठवतंय."

मी सांगावं की नाही, असं झालं. आमच्या घरात ही गोष्ट बाहेर काढायची पद्धत नव्हती. पण त्यांनी त्यांची सांगितली होती.

"काका, माझी आजी छावणीत कपडे धुवायची."

त्यांनी मान वर केली.

"इथली नाही. कल्याणकडची. तिच्यावर दगड पडले की नाही माहीत नाही, शिव्या मात्र पडल्या. आधीच गावकुसाबाहेरचे आम्ही, त्यात हे. पुढे तिने दीक्षा घेतली, पांढरं लुगडं नेसून आली, तेव्हाही मागून कुणी टोमणा मारला, त्यांचे कपडे धुताना लाज नाही वाटली का म्हणून. माझी आई तिथेच होती."

"मग?"

"आजी म्हणाली, मळवतो त्यानं लाजावं. मी तं धुते."

सुनंदा आतून चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी. काका म्हणाले, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पेन्सिल मागितली, पुस्तक नाकाशी धरलं आणि छापलेल्या ओळींवरच हरभऱ्याएवढ्या अक्षरांत ते वाक्य लिहिलं. लिहून झाल्यावर चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "नाव काय आजीचं?"

"भागूबाई."

त्यांनी मान हलवली, एवढंच.

वर्षभराने दुसरी आवृत्ती निघाली. काकांनी प्रकाशकाला सांगून एका प्रतीचे सुटे फॉर्मे माझ्याकडे पाठवले, निरोपासकट: 'ही प्रत तू बांध. कड कापू नकोस.' मी शिवलं, पुठ्ठा चढवला, कड तशीच सोडली. पानं एकमेकांच्या पुढेमागे, बंद राहिलेल्या घड्या सुरीने मोकळ्या केलेल्या. तीस वर्षांत इतकं बेंगरूळ पुस्तक मी कुणाला दिलं नव्हतं. धोबिणीच्या पानावर आजी बोलत होती. छापील अक्षरात. तिला वाचता येत नव्हतं.

काकांनी पुस्तक घेतलं, चाचपलं आणि लगेच पेन्सिल शोधायला लागले. सुनंदाने कपाळावर हात मारून घेतला.

दोन हजार नऊ साली काका गेले. महिन्याभराने सुनंदा ती प्रत घेऊन बराकीत आली. "तुम्हाला द्यायची असं बाबांनी सांगून ठेवलं होतं," म्हणाली. मी हात पुसून पुस्तक उघडलं. तीन-चार पानांच्या समासात वाकड्या, एकमेकांवर चढलेल्या ओळी होत्या, त्या मला लागल्या नाहीत. न बघता लिहिलेल्या असणार. पण धोबिणीच्या पानावरची ओळ लागली. त्या अख्ख्या शहरात कुणालाच नाव नाही. तिथे, त्या वाक्याशेजारी, समासात लिहिलं होतं:

'हिचं नाव भागूबाई. पुढच्या आवृत्तीत घालणे.'

पुढची आवृत्ती अजून निघालेली नाही. बाइंडिंग मी बंद केलं, मशीनही विकलं. नाव त्या एकाच प्रतीत आहे, आणि ती माझ्याकडे आहे.